रुपया घेताना एक पायरी खाली थांब

अगं, चांदीच्या रुपयांचा नाद लागला म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं होतं, आज ना उद्या हा प्रश्न येणार. साल एक, छाप एक, राजा एक. मग एका डबीतला रुपया चांदीच्या भावात आणि शेजारच्या डबीतला त्याच्या कितीतरी पट का? आणि आपण साध्या पगारदार बायकांनी घ्यावा कुठला?

तर ऐक, सगळ्यात वरचा घेऊ नकोस आणि सगळ्यात खालचाही नको. चढत्या प्रतीबरोबर किंमत बराच वेळ हळूहळू वाढते आणि मग एके ठिकाणी एकदम उडी मारते. त्या उडीच्या एक पायरी खाली थांबायचं. पण ती उडी प्रत्येक नाण्याची वेगळ्या जागी असते, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

प्रतींची नावं तुला आता पाठ झाली असतील. व्हेरी फाइन म्हणजे वापरलेलं पण ठसा स्पष्ट, एक्स्ट्रा फाइन म्हणजे फक्त उंचवटे झिजलेले, एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेलं आणि अनसर्क्युलेटेड म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. १ ते ७० हे प्रतीचे आकडे शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडले, ते पुढे सगळ्याच नाण्यांना चिकटले. ६० पासून वर अनसर्क्युलेटेड. ५८ आणि ६० मध्ये दोनच गुणांचं अंतर, पण उडी बहुतेकदा तिथेच असते.

आता पाचव्या जॉर्जचा १९१८ चा रुपया घे. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी ओढाताण झाली की अमेरिकेने स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानसाठी विकली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींनी त्या साली कोट्यवधी रुपये पाडले. म्हणून झिजलेला १९१८ म्हणजे निव्वळ चांदी: वजन एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. तो सराफाकडे मोडायला ठीक, संग्रहात ठेवून त्याला मान नाही. इथे थांबायची जागा म्हणजे एयू, त्यातही ५५ ते ५८.

तो ओळखायचा कसा, ते सांगते. कडेला धरून नाणं दिव्याखाली हळूच तिरकं कर. टाकसाळीची मूळ चमक असेल तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. तो राजाच्या भुवईपाशी, कानावरच्या केसांपाशी किंवा मुकुटाच्या नक्षीवर येऊन अडखळला, तिथे बारीकसा राखाडी डाग दिसला, पण बाकी सगळीकडे सळसळत फिरला, की समज हा आपला. आणि गंमत बघ, ६० किंवा ६१ चं नाणं हाताळलेलं नसतं खरं, पण टाकसाळीच्या पोत्यात इतर नाण्यांवर आपटून त्याच्या गालावर पोचे पडलेले असतात. शेजारी ठेवलास तर ५८ चा रुपया जास्त देखणा दिसतो आणि पैसेही कमी लागतात.

पण हा नियम डोळे मिटून सगळीकडे लावू नकोस. १९११ चा रुपया बघ. राजाच्या गळ्यातल्या हारात हत्ती कोरलेला, पण तो डुकरासारखा दिसतो म्हणून लोक चिडले. शेवटी सरकारला नाणं मागे घ्यावं लागलं आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. तुला त्या नाण्यात हवाय तो हत्ती! मग त्याची सोंड नि पाय स्पष्ट दिसतील असा एक्स्ट्रा फाइन पुरे. त्यापुढचे पैसे चमकेचे, गोष्टीचे नव्हेत. आणि १९३९ सारखं दुर्मिळ साल असेल तर प्रामाणिक व्हेरी फाइनवरही समाधान मान. तिथे प्रतीपेक्षा खरेपणाची काळजी मोठी, कारण बनावट फार.

आपल्याकडच्या रुपयांची आणखी एक खोड आहे. बरेचसे लक्ष्मीपूजनातून आलेले असतात. दरवर्षी कुणीतरी हौसेने चिंचेने नाहीतर राखेने घासलेले. काहींना माळेत ओवण्यासाठी कडी लावलेली असते. ती काढली तरी कडेला डाखाची खूण राहतेच. घासलेला रुपया पांढराफटक चकाकतो, पण त्यावर तो उजेडाचा पट्टा फिरत नाही आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. असा ‘एयू’ नको गं. त्यापेक्षा काळसर, कुणी हात न लावलेला व्हेरी फाइन घे. आणि आपल्या आजेसासूबाईंच्या रुपयावर हळदकुंकू असेल तर राहू दे, घासायला बसू नकोस.

सीलबंद पेटीतल्या, ग्रेड दिलेल्या नाण्याचा मोह होईलच. पेटीवरचा क्रमांक ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून बघ, कारण पेट्याही खोट्या निघतात. आणि भावोजी अमेरिकेला निघालेत, त्यांच्याबरोबर पाठवून तिकडून ग्रेड करून आणू, हे मनात आणू नकोस. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते आपल्याला असं देशाबाहेर नेता येत नाही.

डोळा तयार करायला मात्र पैसे लागत नाहीत. मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं आहे. सवडीने बघून ये. मग दुकानात जा, १९१८ चे तीन प्रतींचे तीन रुपये एका ओळीत मांडून माग आणि किंमत विचारण्याआधी कुठला आवडला ते मनाशी ठरव. दुकानदार म्हणाला, ‘बाई, हा शेवटचाच आहे,’ तर खुशाल उठून ये. १९१८ चा रुपया कधीच शेवटचा नसतो.