न हसणारा विनोदवीर

सोसाट्याचा वारा सुटला आहे. एका घरासमोर एक तरुण गोंधळून उभा आहे. एकाएकी त्या घराची अखंड दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते! परंतु पाहावे, तो तरुण जागच्या जागी सुखरूप उभा! माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून आलेली असते.

१९२८ सालच्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ या मूकपटातील हा प्रसंग. भिंत खरोखरीची जड होती. पाऊल थोडे जरी चुकते, तरी प्राणावर बेतले असते. म्हणून आधी काटेकोर मोजमाप करून उभे राहण्याची जागा ठरविली होती. तो धाडसी नट म्हणजे बस्टर कीटन.

१८९५ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात त्याचा जन्म झाला. आईवडिलांबरोबर तो बालपणापासूनच रंगभूमीवर कामे करी. आपण हसलो नाही, तर प्रेक्षक अधिक हसतात, हे त्याने तेथेच हेरले. १९१७ साली चित्रपटात येताच त्याने कॅमेऱ्याची रचना बारकाईने समजून घेतली. पुढे तो दिग्दर्शकही झाला.

‘द जनरल’ या चित्रपटासाठी त्याने खरेखुरे आगगाडीचे इंजिन जळत्या पुलावरून नदीत कोसळविले. पण त्या काळी प्रेक्षकांनी या चित्रपटाची उपेक्षाच केली. १९२८ साली तो एका मोठ्या चित्रसंस्थेत नोकरीस गेला आणि आपल्या मनाप्रमाणे चित्रपट काढण्याचे त्याचे स्वातंत्र्य हरपले.

अनेक वर्षांनी रसिकांना त्याची थोरवी उमगली. १९६६ साली तो वारला. त्यापूर्वी आपल्या जुन्या मूकपटांचा गौरव त्याला पाहावयास मिळाला. आज ‘द जनरल’ श्रेष्ठ मूकपटांत गणला जातो. क्षणभराच्या हास्यामागे केवढे परिश्रम असतात, हे कीटनच्या चरित्रावरून कळते.