यादीवरून झालेली अटक

दंगल, दगडफेक किंवा स्फोट घडल्यानंतरच्या दोन-तीन रात्रींत पोलीस जी धरपकड करतात, तिच्यात दोन भिन्न पद्धती आढळतात. एका पद्धतीत साक्षीदाराचा जबाब, चित्रीकरण किंवा जप्त केलेली वस्तू आधी हाती असते आणि तिच्या आधारे विशिष्ट माणसाला ताब्यात घेतले जाते. दुसऱ्या पद्धतीत आधी वस्ती ठरते, मग त्या वस्तीतली नावे जमवली जातात आणि पुराव्याचा शोध अटकेनंतर सुरू होतो. ही दुसरी पद्धत कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, परंतु खानदेशातील ज्या मोहल्ल्यांनी ती सोसली आहे, त्यांना तिची ओळख करून द्यावी लागत नाही. न्यायालयाला मात्र ती करून द्यावीच लागते, आणि ती करून देण्याचे साधन पोलिसांनी स्वतःच तयार केलेल्या कागदांत सापडते.

मे 1970 मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड येथे झालेल्या जातीय दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. 8 मे रोजी जळगावात उसळलेल्या दंगलीत 43 माणसे मरण पावली, त्यांपैकी 42 मुसलमान होती. भिवंडीत 59 मुसलमान व 17 हिंदू मारले गेले, पण दखलपात्र गुन्ह्यांखाली, म्हणजे ज्यांत पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्यांखाली, 901 मुसलमानांना आणि 21 हिंदूंना अटक झाली. मृतांचे प्रमाण एकीकडे आणि अटकेचे प्रमाण दुसरीकडे असे का गेले, याचा आयोगाने बारकाईने शोध घेतला आणि अटका करताना भेदभाव झाल्याचे, तसेच तेथील विशेष तपास पथकाने निष्कर्ष आधी ठरवून तपास केल्याचे स्पष्ट शब्दांत नमूद केले. एका न्यायमूर्तींनी सरकारी कागदपत्रे तपासून काढलेला हा निष्कर्ष पन्नास वर्षांहून अधिक काळ उपलब्ध असताना, ‘आमच्याकडे असे होत नाही’ हे वाक्य जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक शांतता समितीच्या बैठकीत आजही ऐकवले जाते, ही गोष्ट संतापजनक आहे.

याच जिल्ह्यातील भुसावळचे स्वतःचे प्रकरण त्याहून लांबलेले आहे. बाबरी मशीद पाडल्याचा सूड उगवण्यासाठी कट रचला, या आरोपाखाली मे 1994 मध्ये ‘टाडा’ कायद्यान्वये अटकसत्र झाले आणि आरोपींना ‘भुसावळ अल जिहाद’ नावाच्या संघटनेचे सदस्य ठरवण्यात आले. टाडा, म्हणजे दहशतवादी व विघातक कृत्ये प्रतिबंधक कायदा, याचे वैशिष्ट्य असे होते की पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब त्याखाली पुरावा म्हणून चालत असे, जो सर्वसाधारण फौजदारी कायद्यात चालत नाही. इतका कठोर अधिकार दिल्यावर संसदेने 1993 मध्ये कलम 20अ जोडून एक अडसरही घातला होता: जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या पूर्वमंजुरीविना गुन्हा नोंदवता येणार नाही आणि त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीविना न्यायालय दखल घेणार नाही. टाडा कायदा 1995 मध्ये संपुष्टात आला, खटला मात्र संपला नाही. नाशिकच्या विशेष न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2019 रोजी पुराव्याचा अभाव आणि कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीचा भंग या कारणांनी 11 आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा अटकेला जवळजवळ 25 वर्षे झाली होती. अटकेच्या दिवशीची बातमी ज्यांनी मोठ्या अक्षरांत वाचली होती, त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत सुटकेची बातमी पोहोचली असेल, याचा विचार भुसावळकरांनी अवश्य करावा.

मालेगावच्या 8 सप्टेंबर 2006 च्या स्फोटांनंतर अटक झालेल्या 9 मुसलमान तरुणांपैकी एक जण तर स्फोटाच्या आधीपासून दुसऱ्या प्रकरणात पोलिसांच्याच ताब्यात होता. हे सर्वजण एप्रिल 2016 मध्ये आरोपमुक्त झाले, पण तोवर त्यांच्यापैकी एकाचे निधन झालेले होते. धुळ्यात 6 जानेवारी 2013 रोजी पोलिसांच्या गोळीबारात 6 मुसलमान तरुण ठार झाले आणि पोलीसच तोडफोड व लूट करीत असल्याची चित्रीकरणे पुढे आल्यावर काही पोलिसांना अटक करावी लागली. ती चित्रीकरणे नसती, तर धुळ्याच्या त्या दिवसाची एकच बाजू कागदावर उरली असती.

या भेदभावामागे प्रत्येक वेळी एखादा दुष्ट अधिकारी असतो असे नाही. लंडनमध्ये 1993 मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाल्यानंतर पोलिसांनी जो ढिसाळ तपास केला, त्याची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन समितीने 1999 च्या अहवालात ‘संस्थात्मक वंशवाद’ ही संज्ञा वापरली; कर्मचारी व्यक्तिशः द्वेष करीत नसला तरी संस्थेच्या सवयी, गृहीतके आणि नोंदी एका समाजाला सतत कमी न्याय देतात, असा तिचा अर्थ आहे. भारतात 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोलीसविषयक सर्वेक्षणात सुमारे निम्म्या पोलिसांनी मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकण्याची शक्यता असते, असे मत नोंदवले होते. तपास करणाऱ्याच्या मनात असे गृहीतक असेल, तर दगडफेकीच्या रात्री गाडी कोणत्या गल्लीत वळेल हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरी हे प्रकरण पुस्तकातून आले नाही. भुसावळच्या एका भागात झालेल्या दगडफेकीनंतर लेखकाचा पुतण्या, जो रेल्वेच्या कामावर कंत्राटदाराकडे रात्रपाळीला होता, पहाटे घरी परतल्यावर झोपेतून उचलला गेला. हजेरीचा मस्टर आणि गेटवरील नोंद दाखवतो असे घरच्यांनी ठाण्यात जाऊन सांगितले असता, तेथील अधिकाऱ्याने मान वर न करता “ड्युटीचं काय ते कोर्टात सांगा, काका” एवढेच उत्तर दिले. ज्या माणसाच्या हाती एक फोन करून खातरजमा करणे होते, त्याने ती केली नाही. मुलगा कामावर होता की नव्हता यात त्याला रसच नव्हता, आणि ही बेपर्वाई शिवीगाळीपेक्षा अधिक लागणारी होती.

खरा उलगडा झाला तो न्यायालयातून प्रथम खबर अहवालाची, म्हणजेच एफआयआरची, प्रत मिळाल्यावर. फिर्यादी पोलीस कर्मचारीच होता आणि अंधारात, दगड अंगावर येत असताना, आपण इतक्या जणांना नावानिशी ओळखले असे त्याचे म्हणणे होते. त्या नावांत पुतण्याच्या वडिलांचे नाव ‘रफीक’ऐवजी ‘रशीद’ असे पडले होते. हीच चूक घरातल्या एका जुन्या कागदावर होती: काही काळापूर्वी सणाच्या बंदोबस्तासाठी मोहल्ल्यातील अनेक तरुणांना प्रतिबंधात्मक कारवाईच्या नोटिसा देण्यात आल्या होत्या, ज्यांना बोलीभाषेत ‘चॅप्टर केस’ म्हणतात, आणि त्या नोटिशीतही वडिलांचे नाव ‘रशीद’च होते. आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर कोठेही ही चूक नाही. दोन्ही कागद जेवणाच्या ताटाशेजारी एकावर एक ठेवले तेव्हा पुढचीही जुळणी दिसली. शेजारच्या मुलांची नावे नोटिसा ज्या क्रमाने निघाल्या होत्या, जवळपास त्याच क्रमाने फिर्यादीत उतरली होती. जमावात माणसे घरक्रमांकानुसार उभी राहत नाहीत. कोणी पाहिले नव्हते, कोणी ओळखले नव्हते. जुनी यादी समोर ठेवून नवा गुन्हा लिहिला गेला होता.

त्याच रात्री दुसऱ्या बाजूच्या जमावाने एका गरीब माणसाची हातगाडी आणि दुकान जाळले, त्याचाही गुन्हा दाखल झाला. त्यात आरोपी म्हणून ‘अनोळखी 100 ते 150 इसम’ एवढाच उल्लेख होता आणि कलमे अशी की पकडलेच तरी बहुतेकांना लगेच जामीन मिळावा. त्या घटनेची चित्रीकरणे गावातल्या शेकडो फोनवर फिरत होती व त्यांतले चेहरे शेजाऱ्यांना ओळखता येत होते. पोलिसांना तेवढे चेहरे अस्पष्ट दिसले. ज्यांचे दुकान जळले त्यांना न्याय मिळाला नाही, ज्या पोलिसाच्या डोक्याला टाके पडले त्याच्यावर खरोखर दगड मारणाराही बहुधा मोकळाच राहिला, आणि याचा जाब कोणी विचारला नाही.

असे प्रकरण ज्या कुटुंबावर येईल, त्याने पहिल्या दिवसापासून कागद धरावा. अटकेची कारणे लेखी मागावीत. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या पंकज बन्सल, 2024 च्या प्रबीर पुरकायस्थ आणि 2025 च्या विहान कुमार या निकालांत अटकेची कारणे आरोपीला परिणामकारकपणे कळवण्याच्या हक्कावर भर दिला असून, ती न कळवल्यास अटकच बेकायदेशीर ठरू शकते. 1996 च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा पंचनामा, त्यावरील वेळ आणि साक्षीदाराची सही बंधनकारक आहे. वेळ पहाटेची असताना दुपारची लिहिली जाणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याची मुदत त्या वेळेपासून मोजली जाते. म्हणून घरासमोर गाडी आली त्या क्षणी नातेवाइकाने जवळच्या वकिलाला किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयाला फोनवरून संदेश पाठवून ठेवावा, म्हणजे वेळेचा पुरावा आपोआप तयार होतो.

दंडाधिकाऱ्यांसमोरची पहिली हजेरी सर्वांत महत्त्वाची असते आणि नेमकी तीच घाबरून वाया जाते. मारहाण झाली असल्यास तेथेच सांगावी आणि ती रोजनाम्यात नोंदवण्याचा आग्रह वकिलाने धरावा. ओळख परेडपूर्वी आरोपीचा चेहरा साक्षीदारांना दाखवला गेला असेल किंवा त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲप समूहांवर फिरवले गेले असेल, तर तेही त्याच दिवशी सांगणे आवश्यक आहे. नंतर सांगितलेली गोष्ट वकिलाने शिकवलेली समजली जाते. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

कामावर असल्याचा पुरावा कंत्राटदाराकडून तातडीने साक्षांकित प्रतीच्या रूपात घ्यावा. रेल्वेच्या लॉबीतील रनिंग स्टाफची नोंद, वरणगाव किंवा भुसावळच्या आयुध निर्माणीच्या गेटवरील नोंद, दीपनगरच्या वीज केंद्राचा गेटपास यांना वजन आहे, पण कंत्राटी कामगाराचा मस्टर कंत्राटदाराच्या खिशात असतो आणि पोलीस एकदा त्याच्याकडे जाऊन आले की त्याला काही आठवत नाही. लेखकाच्या पुतण्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. चित्रीकरण असेल तर ते ज्या फोनवर काढले त्याच फोनवर मूळ स्वरूपात राहू द्यावे, व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीवर विसंबू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार चित्रीकरणाची प्रत प्रमाणपत्रासह सादर केली तरच न्यायालयात टिकते. पोलीस ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रीकरण जतन करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितले आहे, तेव्हा ते राखून ठेवण्याचा अर्ज लगेच करावा, कारण नंतर यंत्र बंद असल्याचे उत्तर मिळते.

गुन्ह्यात ‘बेकायदेशीर जमाव’ असा शब्द आला की वकिलाला मसलती प्रकरणाची आठवण करून द्यावी. पाच किंवा अधिक माणसे समान उद्देशाने जमली तर त्यांतल्या प्रत्येकाला सर्वांच्या कृत्याबद्दल जबाबदार धरता येते, असे हे कलम आहे. परंतु 1964 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, मोठ्या जमावाच्या गुन्ह्यात एखाद्याला दोषी धरायचे तर किमान दोन-तीन साक्षीदारांनी त्याच्याविषयी सुसंगत सांगितले पाहिजे, ही कसोटी योग्य मानली. कलमे कोणती लागली हेही पाहावे; साध्या दंगलीच्या गुन्ह्यात खुनाच्या प्रयत्नाचे कलम 109 घातले की जामीन आठवड्यांवरून महिन्यांवर जातो, आणि ते घालताना जखमेच्या वैद्यकीय दाखल्याचा आधार होता का, हा प्रश्न जामीन अर्जात पहिल्याच परिच्छेदात यावा. दोषारोपपत्र गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दाखल झाले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण ते दाखल होण्याआधी अर्ज केला तरच.

याशिवाय जामीनदारासाठी सातबारा उतारा आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला आधीच तयार ठेवावा, अफवांपासून दूर राहावे, घरच्यांनी धीर सोडू नये. मोहल्ल्यातील ज्या प्रतिष्ठितांचे शांतता समितीत बसणे-उठणे आहे, त्यांच्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्या आठवड्यात त्यांचे फोन लागत नाहीत.

प्रतिबंधात्मक कारवाईच्या जुन्या नोटिसा बहुतेक घरांत चुलीत जातात किंवा रद्दीत निघतात, त्या जपून ठेवाव्यात. पुतण्याच्या जामीन अर्जाला जोडलेल्या कागदांत मस्टर नव्हता, गेटची नोंद नव्हती. ‘रशीद’ लिहिलेली ती एकच नोटीस होती, आणि सरकारी वकिलांना तिच्यावर उत्तर देता आले नाही. जामीन मिळाला, नोकरी गेली. नवीन ठिकाणी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात आणि त्यावर प्रलंबित गुन्ह्याचा उल्लेख येतो. यादी कोणी केली आणि तिच्यावरून फिर्याद कोणी लिहिली, याची चौकशी व्हावी म्हणून केलेल्या अर्जावर पोच मिळाली आहे, उत्तर अद्याप आलेले नाही.