हेल्मेटमधील संभाषण : बिनतारी संचाची निवड कशी करावी?

दुचाकीवरून डबलसीट जाणारी दोन माणसे एकमेकांपासून हातभरही दूर नसतात. पण गाडीने वेग घेतला की त्यांच्यातील संभाषण संपते. पुढचा मान वळवून ओरडतो, मागचा 'काय? काय?' करीत पुढे वाकतो, आणि नेमके ज्या क्षणी दोघांचे लक्ष रस्त्यावर हवे त्या क्षणी ते एकमेकांच्या शब्दांकडे लागलेले असते. ही अडचण दूर करण्यासाठी हेल्मेटमध्ये बसवायचे बिनतारी संच, म्हणजे ज्यांना सर्वजण 'इंटरकॉम' म्हणतात ते, आता बाजारात सहज मिळतात. आमच्या वर्गातील काही मित्रांनी चोर्ला घाटाने गोव्याला जाण्याचा बेत केला, तेव्हा 'कोणता संच घ्यावा?' हा प्रश्न मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझ्यापुढे ठेवण्यात आला. खोक्यावर छापलेले आकडे पाहून त्याचे उत्तर मिळण्यासारखे नाही. त्यासाठी थोडे शास्त्र समजून घ्यावे लागते, आणि तेच या लेखात सोपे करून सांगण्याचा विचार आहे. माझे मत आरंभीच नमूद करतो. संच किती दूरवर बोलतो यापेक्षा आपण कोणाशी बोलणार, कशासाठी बोलणार, आणि ते बोलणे रस्त्यावरचे लक्ष किती खाणार, हे आधी पाहिले पाहिजे.

वाऱ्याचा गोंगाट

पुष्कळांची समजूत अशी असते की ऐकू न येण्याचे कारण इंजिनाचा आवाज आहे. ताशी साधारण ६०-६५ किलोमीटरच्या पुढे ही समजूत खरी राहत नाही. त्या वेगाला हेल्मेटच्या कडांवरून फाटत जाणारा वारा हाच मुख्य आवाज होतो. ताशी १०० किलोमीटरच्या सुमारास हेल्मेटच्या आत, कानाशी, १०० डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो. डेसिबलचे माप घातांकी आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट झाली. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो असे धरले, तर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. म्हणून 'आवाज मोठा करता येतो' हा गुण सांगणाऱ्या विक्रेत्याला आपण विचारले पाहिजे, की वाऱ्यावर मात करण्याइतका आवाज मोठा केला तर आमच्या कानांचे काय?

यावरचा खरा उपाय दुहेरी आहे. पहिला भाग मायक्रोफोनचा. चांगल्या संचातील मायक्रोफोनला पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी हवेचा मार्ग असतो. दुरून येणारा गोंगाट दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच पोचतो व एकमेकाला छेदतो. ओठांपाशी उमटलेला शब्द मात्र एका बाजूला अधिक जोराने पोचतो आणि शिल्लक राहतो. यासाठी मायक्रोफोन ओठांच्या अगदी जवळ आणि योग्य बाजूने बसवलेला असला पाहिजे. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये हनुवटीच्या पट्टीला चिकटवायचा तारेचा मायक्रोफोन चालतो. उघड्या हेल्मेटला दांडीचा लागतो.

दुसरा भाग स्पीकरचा. तो कानाच्या छिद्रासमोर नेमका आला पाहिजे; बोटभर जरी सरकला तरी आवाज एकदम खाली जातो. महागडा संच घेऊन 'ऐकूच येत नाही' अशी तक्रार करणाऱ्याने प्रथम स्पीकरची जागा तपासावी. लांबच्या प्रवासात कानात फोमचे बोळे घालण्याची रीत अनुभवी चालकांत आहे. ती विचित्र वाटली तरी शास्त्राला धरून आहे. बोळे वारा आणि स्पीकर दोघांनाही सारखेच कमी करतात. मग स्पीकर थोडा वाढवला की शब्द वाऱ्याच्या वर येतो, आणि तरीही कानावर पडणारा एकूण भार पूर्वीपेक्षा कमीच राहतो.

लहरींची उड्या मारण्याची युक्ती

हे बहुतेक संच 'ब्लूटूथ' पद्धतीवर चालतात. दहाव्या शतकातील हेराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचे हे नाव. या पद्धतीचे काम १९९४ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झाले. ती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, आणि भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना परवाना लागत नाही. परंतु याच पट्ट्यात वायफायही असते आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही. मग गर्दीत आपला आवाज हरवत नाही कसा? ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. ७९ उपमार्गांवरून ते सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते. दोन्ही संचांना उड्यांचा क्रम ठाऊक असतो, तिसऱ्याला नसतो. उड्या मारण्याच्या या कल्पनेचे एक पेटंट १९४२ साली हेडी लामार ही चित्रपट अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना मिळाले होते. त्यांनी पियानोच्या पट्ट्यांइतके, म्हणजे ८८, मार्ग योजले होते.

साखळी आणि जाळे

दोघांचे बोलणे ब्लूटूथ उत्तम सांभाळते. गाड्या चार-पाच झाल्या की अडचण सुरू होते. जुन्या पद्धतीत पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, अशी साखळी जोडावी लागते. विहिरीपासून हौदापर्यंत माणसांनी रांगेने उभे राहून हातोहात घागरी पोचवाव्यात तसे हे आहे. मधला एक जण पेट्रोल भरायला थांबला की पुढच्यांना पाणी मिळत नाही.

यावर 'मेश', म्हणजे जाळ्याची, पद्धत निघाली. कार्डो या कंपनीने २०१५ साली आणि सेना या कंपनीने २०१८ साली आपापले जाळ्याचे संच बाजारात आणले. येथे प्रत्येक संच बोलतो, ऐकतो आणि दुसऱ्याचे बोलणे पुढेही पोचवतो. गावातली बातमी जशी एका घराचे दार बंद असले तरी दुसऱ्या घरावरून पोचतेच, तसे जाळ्यातील एक जण मागे पडला तर संभाषण वेगळ्या वाटेने जाते. आणि तो परत जवळ आला की बटण न दाबता पुन्हा सामील होतो. मात्र एक मेख आहे. निरनिराळ्या कंपन्यांची जाळी सहसा एकमेकांशी थेट जुळत नाहीत. ब्लूटूथच्या साध्या मार्गाने ती जोडता येतात, पण मग जाळ्याचे गुण उरत नाहीत. म्हणून गटाने संच घ्यायचे असतील तर एकाने उत्तम आणि दुसऱ्याने सर्वोत्तम घेण्यापेक्षा सर्वांनी एकाच जातीचे घेणे शहाणपणाचे.

पल्ल्याचा आकडा

खोक्यावर '१.६ किलोमीटर' असा आकडा दिसतो. तो खोटा नसतो. तो मोकळ्या, सरळ, एकमेकांना दिसणाऱ्या रस्त्याचा असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. इतकी आखूड लहर डोंगराला वळसा घालू शकत नाही, आणि ओल्या झाडीत व माणसाच्या शरीरातही शोषली जाते. चोर्ला किंवा आंबोली घाटात पुढची गाडी वळणाआड गेली की तो आकडा विसरावा. जाळ्यात मधल्या वळणावर तिसरी गाडी असेल तरच शब्द पुढे जातो. म्हणजे घाटात पल्ला संचाच्या किमतीपेक्षा गटाच्या शिस्तीवर अधिक अवलंबून असतो. मागच्याला पुढचा दिसत राहील इतकेच अंतर ठेवावे, हा जुना नियम येथेही तितकाच उपयोगी आहे.

आणि ज्याला फक्त मागे बसणाऱ्याशी बोलायचे आहे, त्याला पल्ल्याचे काय? हातभर अंतरासाठी मैलाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. अशा जोडीने साधा ब्लूटूथचा जोडसंच घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या हेल्मेटवर खर्च करावेत.

लक्ष कोणाकडे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते. तेवढ्यात एक म्हैस रस्ता ओलांडू शकते. हात मोकळे आहेत म्हणून मनही मोकळे आहे, असे मुळीच नाही.

अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या ड्र्यूज, पसुपती आणि स्ट्रेअर या संशोधकांनी २००८ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोटार चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर बसलेल्यांपैकी काही जण फोनवर बोलत होते, तर काही शेजारच्या प्रवाशाशी. फोनवर बोलणाऱ्यांचे चालवणे अधिक बिघडले. शेजारच्या प्रवाशाला रस्ता दिसत असतो. गर्दी आली की तो आपोआप थांबतो, किंवा रस्त्याविषयीच बोलू लागतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही.

हा प्रयोग मोटारीचा असला तरी त्यावरून मी इंटरकॉमच्या उपयोगाची एक पायरी मांडतो. मागे बसणाऱ्याशी बोलणे सर्वांत निर्धोक, कारण त्याचा रस्ता आपलाच असतो. दुसऱ्या गाडीवरील मित्राशी बोलणे त्याखालोखाल. त्याचे वळण वेगळे असते, म्हणून बोलणे थोडके व कामापुरते हवे. घरच्यांशी फोनवर बोलणे सर्वांत वाईट. त्यासाठी गाडी कडेला घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरून वापरायच्या संभाषण-साधनांचा स्पष्ट उल्लेख आला. इंटरकॉम हातात धरावा लागत नाही हे खरे. परंतु कायद्याच्या शब्दांत न सापडणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. संच घेताना 'येणारे फोन बंद ठेवता येतात का?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

भाषेचाही येथे संबंध आहे. गोंगाटात व्यंजने आधी हरवतात. 'थांब' म्हटलेले 'लांब' ऐकू आले तर काय होईल, याची कल्पना करावी! म्हणून निघण्यापूर्वीच चारपाच शब्द ठरवून घ्यावेत आणि प्रत्येक शब्द दोनदा उच्चारावा. आमच्याकडे सोबती कन्नड भाषिक असतो तेव्हा 'निल्लु', 'बलक्के', 'एडक्के' हे तीन शब्द मराठी मुलांनी शिकून ठेवले तर प्रवासही सुखाचा होतो आणि मैत्रीही पक्की होते.

खरेदीपूर्वी

सारांश असा. आधी हेल्मेट, मग संच. कलम १२९ प्रमाणे हेल्मेट पुढच्याला आणि मागच्याला दोघांनाही आवश्यक आहे, आणि १ जून २०२१ पासून त्यावर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. स्पीकर बसत नाही म्हणून आतला थर्मोकोलसारखा थर कोरू नये. डोक्याला वाचवणारा तोच आहे. बटणे हातमोजे घालूनही चाचपता आली पाहिजेत. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता 'आयपी ६७' हे चिन्ह पाहावे. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहूनही संच टिकतो. बॅटरी दिवसभर पुरेल की नाही ते विचारावे. शक्य झाल्यास मित्राचा संच घेऊन आपल्याच हेल्मेटमध्ये, आपल्याच नेहमीच्या वेगाला एकदा ऐकून पाहावा; दुकानाच्या शांततेत सर्वच संच चांगले वाजतात.

चांगला संच तोच, जो हवा तेव्हा स्पष्ट बोलतो आणि एरवी आपल्याला रस्त्यापाशी एकटे सोडतो. शब्द थोडे, पण वेळेवर पोचले, तर पुढच्या वळणावरचा खड्डा दोघांनाही चुकवता येतो. एवढ्यासाठीच तर हा सारा खटाटोप!