दुसरा अल्बम काढण्याआधी

पावसाळ्यात हलगी रेकॉर्ड करायला जाऊ नये. मेढ्याच्या आषाढात कातडं ओल धरतं, आवाज बसतो. गावाकडे वाजवणारा ती विस्तवावर शेकतो आणि कामाला लागतो. पुण्याच्या स्टुडिओत विस्तव कुठला? मालकाने आगपेटीसुद्धा काढू दिली नाही. तासाचं भाडं चालू, आणि हलगीवाला कोपऱ्यात हेअर ड्रायर धरून बसलेला.

प्रस्तुत लेखक तेव्हा दुसरा अल्बम काढू पाहणाऱ्या मेढ्याच्या एका फंक बँडमध्ये बेस गिटार वाजवत असे. फंक आणि हलगी ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण जुळते छान. जेम्स ब्राउनने फंकला पहिल्या मात्रेवर जोर द्यायला शिकवलं. बेसने तिथे पाय रोवला की वर हलगीने हवे तेवढे नखरे करावेत. पावसाळाच का निवडला, तर उन्हाळ्यात वाजवणारे मिळत नाहीत. रंगपंचमीला बावधनचं बगाड झालं की गावोगावच्या जत्रा लागतात आणि त्यांना जेवायला सवड नसते.

पहिल्या अल्बमची गाणी वर्षानुवर्षं वाजवून घोटलेली होती. दुसऱ्याची स्टुडिओतच शिजत होती. कुणी ठेका दिला, कुणी ओळ गुणगुणली, कुणी मधला तुकडा जोडला. कागदावर काहीच नाही. मग अल्बम ऑनलाइन चढवण्याचा अर्ज आला. ‘संगीतकार’ या रकान्यापुढे एकच नाव भरलेलं होतं. त्या एका रकान्यावरून बँड फुटायला आला. तेवढ्यात स्टुडिओची बाकी थकली आणि सगळे ट्रॅक असलेली हार्ड डिस्क तिथेच अडकली. अल्बम निघाला तोवर गायक नोकरीला लागून बंगळूरला गेलेला. साताऱ्याच्या एका कार्यक्रमात लोकांनी नवी गाणी शांतपणे ऐकली आणि जुन्यांची फर्माईश केली. वाईट कुणी म्हटलं नाही. वाजवायलाच कुणी नसलेल्या अल्बमबद्दल लोक बोलणार तरी काय?

हे दुखणं मेढ्यापुरतं नाही. सत्तरच्या दशकात मुंबईत ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ नावाचा बँड होता, रॉक आणि फंक एकत्र घुसळणारा. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे काही काळ त्यात गायले. ‘ऑब्सेशन ७७’ हा त्यांचा अल्बम पॉलिडोरने बाजारात आणला १९८१ मध्ये, बँड मोडून गेल्यावर. दुसऱ्याचा प्रश्नच उरला नाही. पुढे संग्राहकांनी त्या तबकडीसाठी जीव टाकला आणि २०११ मध्ये ‘नाऊ-अगेन’ या अमेरिकी कंपनीने ती गाणी पुन्हा प्रसिद्ध केली. कौतुक झालं, पण तीस वर्षं उशिरा.

उलट उदाहरण स्कॉटलंडचं. ‘अ‍ॅव्हरेज व्हाइट बँड’चा पहिला अल्बम १९७३ मध्ये आला आणि फारसा चालला नाही. दुसऱ्याची गाणी कंपनीने नाकारली. त्यांनी तीच सामग्री घेऊन अटलांटिक या दुसऱ्या कंपनीकडे धाव घेतली. आरिफ मार्दिन या जाणत्या निर्मात्याने ती घासूनपुसून घेतली. ऑगस्ट १९७४ मध्ये अल्बम निघाला. त्यातली ‘पिक अप द पीसेस’ ही जवळपास शब्दांविनाची रचना ब्रिटनमध्ये आधी पडली, अमेरिकेत उचलली गेली, आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये अल्बम व गाणं दोन्ही तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ते बघायला ड्रमर रॉबी मॅकिंटॉश नव्हता. सप्टेंबर १९७४ मध्ये लॉस एंजलिसच्या एका पार्टीत हेरॉइनने त्याचा जीव घेतला होता. त्याच्या जागी स्टीव्ह फेरोन आला आणि बँड चालू राहिला. नकार मिळाला म्हणून गाणी फेकून द्यायची नसतात, हे इथून घ्यावं. पार्टीचं काय घ्यावं, ते वेगळं सांगायला नको.

आता कामाचं. गाणं पक्कं झालं त्याच संध्याकाळी चाल कुणाची, शब्द कुणाचे, वाटा किती, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या; हलगीवाल्याचीही घ्या, कारण त्याला ‘साथीदार’ म्हणून बाजूला ठेवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा बांधून ठेवला आहे की तो कंपनीला सोडून देता येत नाही. पण त्यासाठी नाव आधी रकान्यात हवं. शिवाय गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या. रोज स्टुडिओतून निघताना दिवसभराचे ट्रॅक स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि पैसेही रोजच्या रोज चुकते करा. उधारीवर स्टुडिओ घेऊच नका, मग तो मित्राचा का असेना.

आणि तारीख जाहीर करण्याआधी प्रत्येकाला विचारा, पुढचे काही महिने गावोगावी वाजवायला येणार का? एकानेही मान खाली घातली तर तारीख पुढे ढकला.