डोळ्यांच्या संशोधनात डॉक्टरांखेरीज कोण कोण?

अमेरिकन अंतराळवीर जॉन फिलिप्स २००५ साली सहा महिने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहिले. तिथल्या खिडकीतून दिसणारी पृथ्वी त्यांना हळूहळू धूसर दिसू लागली. वयामुळे नंबर वाढला असेल, असं त्यांना वाटलं. परत आल्यावर तपासणी झाली, तर जाताना ठणठणीत असलेली नजर बरीच उतरली होती आणि डोळ्याचा गोल मागच्या बाजूने चपटा झाला होता.

२०११ मध्ये डॉ. थॉमस मेडर आणि सहकाऱ्यांनी अशा सात अंतराळवीरांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी पाच जणांच्या डोळ्यात, मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते तिथे, सूज आढळली. या विकाराला आता ‘सॅन्स’ म्हणतात. वजनरहित अवस्थेमुळे अंगातला द्रव डोक्याकडे सरकतो, हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. नेमकं काय बिघडतं, ते मात्र अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

नीटचे मार्क कमी आले म्हणून ज्या घरात चार दिवस चूल पेटल्यासारखी वाटत नाही, त्या घराने हे आवर्जून वाचावं. कारण या कोड्यावर काम करणारे सगळेच डॉक्टर नाहीत.

जर्मनीत कोलोन इथे झालेला एक प्रयोग पाहा. अकरा निरोगी स्वयंसेवकांना तीस दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. डोक्याची बाजू सहा अंशांनी खाली, उशी नाही, जेवणही आडव्यानेच. अंतराळ स्थानकात असतो तसा कार्बन डायऑक्साइडही खोलीतल्या हवेत थोडा वाढवलेला होता. महिन्याअखेर पाच जणांच्या डोळ्यांत तशीच सूज दिसली. असा प्रयोग उभा करायचा तर शरीरक्रियाशास्त्र जाणणारा हवा, रोज डोळे तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट हवा, प्रतिमांमधून मायक्रॉनचा फरक मोजणारा हवा आणि अकराच माणसांच्या आकड्यांवरून किती बोलायचं हे सांगणारा संख्याशास्त्रज्ञही हवा.

ती सूज मोजणारं ओसीटी यंत्र आज तालुक्याच्या गावातल्या नेत्रालयातही दिसू लागलं आहे. हनुवटी टेकवायची, हिरव्या खुणेकडे बघायचं, काही सेकंदांत डोळ्याच्या पडद्याच्या थरांचं चित्र समोर. सुई नाही, चिरफाड नाही. डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशावरून कोणता थर किती खोल आहे, हे ते ठरवतं. १९९१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या तंत्राचा पहिला शोधनिबंध आला. त्यामागच्या संशोधकांपैकी डेव्हिड हुआंग वैद्यक आणि अभियांत्रिकी एकत्र शिकणारा विद्यार्थी होता, जेम्स फुजिमोटो लेझरचे प्राध्यापक होते, तर एरिक स्वॉन्सन उपग्रहांमधल्या लेझर-संपर्कावर काम करणारे अभियंते होते. २०२३ मध्ये या तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आपल्याकडचं उदाहरण नाशिकच्या रमेश रासकरांचं. पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रासकर पुढे अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक झाले. २०१० मध्ये त्यांच्या गटाने ‘नेत्रा’ हे उपकरण मांडलं. मोबाइलच्या पडद्यावर एक छोटी भिंगाची नळी बसवायची, आत दिसणाऱ्या रेषा बटणाने जुळवायच्या, की चष्म्याचा नंबर कळतो. रासकरांचा पाया संगणकशास्त्राचा.

कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा तर घरोघरी आहे. मधुमेहामुळे खराब होणारा डोळ्याचा पडदा फोटोवरून ओळखणारी प्रणाली गुगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडली. तिच्यासाठी मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयासारख्या भारतीय रुग्णालयांतले फोटो वापरले होते. पुढे थायलंडच्या दवाखान्यांत ती वापरून पाहिली, तेव्हा जवळपास पाचवा हिस्सा फोटो तिने नाकारले. अनेक खोल्यांत पुरेसा अंधार करता येत नव्हता, त्यामुळे फोटो धूसर येत होते. प्रयोगशाळेत हुशार ठरलेलं यंत्र दवाखान्यात अडलं. ही अडचण सोडवायला कोडिंग आणि रुग्ण दोन्ही कळणारी माणसं लागतात आणि आज तशी माणसं फार थोडी आहेत.

आता शिक्षणाचं. नेत्रतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएस आणि त्यानंतर तीन वर्षांचं एमएस किंवा डीएनबी. हा रस्ता लांब आहे. ऑप्टोमेट्रीची पदवी आजवर बहुतेक ठिकाणी इंटर्नशिपसह चार वर्षांची राहिली आहे. पुण्या-मुंबईत, हैदराबादला, चेन्नईला ती शिकता येते. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिक कायद्यानंतर या अभ्यासक्रमांचे नियम बदलत आहेत, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता चालू वर्षाची अधिकृत सूचना वाचावी. गणित आवडणाऱ्यांना बायोमेडिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक अभियांत्रिकी. भौतिकशास्त्राची ओढ असेल तर बीएस्सी किंवा आयसर आणि पुढे प्रकाशशास्त्र. पदव्युत्तर टप्प्यावर या वाटा एकमेकींना मिळतात. आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात अशीच वेगवेगळ्या शाखांची मुलं येतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अंतराळ-नेत्रविज्ञानाच्या जागा जगभरात मोजक्याच आहेत. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात राहून आले, गगनयानाची तयारी सुरू आहे, तरी केवळ त्या भरवशावर प्रवेश घेऊ नये. पोटापाण्याचं काम जमिनीवरच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्या प्रत्येकाचा पडदा नियमित तपासला जायला हवा.

पालकांनी फी भरण्याआधी कॉलेजला दोन प्रश्न विचारावेत: इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात असते, आणि विद्यार्थी स्वतःच्या हाताने रोज किती रुग्ण तपासतात? आणि परवानगी काढून मुलाला एक दिवस जवळच्या नेत्ररुग्णालयाच्या तपासणी विभागात बसू द्यावं. संध्याकाळी तो काय विचारतो, ते ऐकून मगच अर्ज भरावा.