शाळा घरी आली तेव्हा : पालकांचा मान आणि शाळेचा हात



मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे आपल्या राज्यातील शाळा बंद झाल्या. पहिलीच्या वर्गाची दारे पुन्हा उघडायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. जवळजवळ पावणेदोन वर्षे लहान मुलांची शाळा स्वयंपाकघरात, माळ्यावर, ओटीवर भरली. तो काळ सरला, पण घरून शिकण्याची रीत मागे राहिली. मुसळधार पावसाने शाळेला सुट्टी मिळाली की अभ्यास मोबाईलवर येतो. तेव्हा अनेक आईवडील आम्हांला म्हणतात, "फादर, आम्ही फार शिकलेलो नाही. आम्ही मुलाला काय शिकवणार?" ह्या प्रश्नाचा आज आपण ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या आधारे विचार करू.

१. पहिले शिक्षक कोण?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. ज्यांनी मुलांना जन्म दिला तेच त्यांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक, असे त्यात स्पष्ट केले आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही (कलम ७९६) शाळेकडे पालकांची प्रमुख मदतनीस म्हणून पाहिले आहे. म्हणजे मूळ जबाबदारी घराची आणि तिला हात देणारी शाळा.

संत थॉमस अक्वायनस एक सुंदर उपमा देतात. आईच्या उदरातून बाहेर आलेले बाळ, त्याला समज येईपर्यंत, आईवडिलांच्या मायेच्या जणू आध्यात्मिक उदरात वाढत असते. हा मान पालकांना कोणत्याही पदवीने मिळालेला नाही, म्हणून पदवी नसल्याने तो जातही नाही.

२. मदत म्हणजे काय?

पोप अकरावे पायस ह्यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये. तिने त्या समूहाला आधार द्यावा. शाळा आणि घर ह्यांना हे तत्त्व लावले तर दोन चुका दिसतात. "सगळे शाळा बघेल" असे म्हणून पालकांनी अंग काढून घेणे ही पहिली. शाळेने आपले संपूर्ण वेळापत्रक उचलून घरावर टाकणे ही दुसरी.

साथीच्या काळात दुसरी चूक फार बोचली. घरात मोबाईल एक, मुले दोन आणि तो मोबाईलही वडिलांबरोबर कामावर जाणारा! 'असर' ह्या सर्वेक्षणानुसार २०२० साली ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक मुलांच्या घरी तो नव्हताच. अशा घरांसाठी खरी मदत साधी होती : संध्याकाळी पाहता येईल असा पाठ, शाळेच्या फाटकाशी मिळणारा छापील अभ्यास, "घरी सगळे बरे आहेत ना?" असे विचारणारा बाईंचा फोन. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, तीही टीव्ही असलेल्या घरांना उपयोगी पडली.

वरील जाहीरनाम्यात परिषदेने गरिबांची व कुटुंबाच्या आधाराला मुकलेल्यांची खास काळजी घ्यावी असे सांगितले आहे. म्हणून ज्या मुलाचा पडद्यावर चेहराच दिसत नाही, त्याची चौकशी कॅथोलिक शाळेने सर्वांत आधी केली पाहिजे.

३. शिकणे कुठे घडते?

संत थॉमस ह्यांच्या मते शिक्षक वैद्यासारखा असतो. वैद्य औषध देतो, पण बरे होण्याची शक्ती शरीरातच असते. तसेच शिक्षक समजावतो, पण समजते ते मुलाच्या स्वतःच्या बुद्धीला. मोबाईल शब्द पोहोचवतो. मुलाची बुद्धी मात्र माणसाच्या सोबतीने जागी होते. न शिकलेली आईसुद्धा भाकरी थापता थापता विचारू शकते, "आज काय शिकलास? मला सांग बघू." आईला समजावून सांगताना मुलाला आपला धडा स्वतःलाच उलगडावा लागतो. हेही अध्यापनच!

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 'प्रेमाचा आनंद' (२०१६) ह्या पत्रात पालकांना सावध केले आहे. मूल शरीराने कुठे आहे एवढे कळणे पुरेसे नाही. त्याचे मन कुठे आहे, ते कोणत्या वाटेने चालले आहे, हे महत्त्वाचे. मोबाईलसमोर बसलेले मूल घरात असते, पण कधी कधी फार दूर गेलेले असते.

४. आज आपले कर्तव्य

तिसरीतील किती मुले दुसरीचा उतारा वाचू शकतात हे 'असर' तपासते. ग्रामीण भारतात हे प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होते. २०२२ साली ते २०.५ टक्क्यांवर आले. तेव्हाची पहिली-दुसरीची मुले आता वरच्या वर्गांत आहेत. त्यांपैकी कोणी अजून वाचताना अडखळत असेल तर त्याला आळशी म्हणू नका. त्याचा पायाच त्या दिवसांत कच्चा राहिला असेल.

म्हणून शिक्षकांना विनंती : सुट्टीतला अभ्यास मोजका द्या, आणि मोबाईल नसलेल्यांसाठी दुसरी सोय ठेवा. पालकांना विनंती : रोज पंधरा मिनिटे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि अडचण शाळेला सांगायला लाजू नका. सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकांना विनंती : शेजारच्या एका मुलाला आठवड्यातून दोन तास द्या.

प्रभू येशू नाझरेथच्या घरी मरिया व योसेफ ह्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने वाढला, असे संत लूक सांगतो. आपली घरेही तशी व्हावीत म्हणून प्रार्थना करू या.

कुटुंबात व छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी :
१) आपल्या घरी मुलाचे ऐकून घेण्याची वेळ कोणती?
२) आपल्या आळीत अभ्यासात मागे पडलेले मूल कोण? त्याला मदत कोण करील?
३) शाळेकडून आपल्याला कोणती मदत हवी आहे, आणि ती आपण मागितली आहे का?