जुन्या मोटारीला सुरक्षापट्टा

'द स्टेट्समन' वृत्तपत्राने 1964 साली दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली, आणि तेव्हापासून राजधानीच्या हिवाळ्याला या गाड्यांची एक वेगळीच शोभा लाभली. चकचकीत क्रोमचे बंपर, ताणून बसवलेली आसने, नव्याने दिलेला मूळ रंग, हे सारे पाहताना एक उणीव मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यांपैकी बहुतेक गाड्यांत आसनाला सुरक्षापट्टाच नसतो.

त्यात मालकांचा दोष नाही. व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंवर बांधला जाणारा पट्टा 1959 मध्ये सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही खुले ठेवले. तरी आपल्याकडे पुढील आसनांना पट्टा देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले ते 1994 मध्ये. म्हणजे सत्तरच्या दशकातील अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी किंवा स्टँडर्ड हेराल्ड पट्ट्यावाचून रस्त्यावर आली हे स्वाभाविकच होते. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीही पट्टा लावण्याची सक्ती करते ती नियमानुसार पट्टा पुरवलेल्या वाहनांतच.

परंतु कायद्याने दिलेली सूट अपघाताच्या वेळी उपयोगी पडत नाही. थोडे गणित करू. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर वेगाने चालली आहे आणि धडकेनंतर आतील माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबतो, असे धरा. 70 किलो वजनाच्या त्या माणसाला थांबवण्यासाठी सरासरी 13,500 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 1,400 किलो वजनाइतका जोर लागतो. पट्टा नसेल तर हा जोर सुकाणूचा न दबणारा दांडा, डॅशबोर्डाचा उघडा पत्रा किंवा समोरची काच लावते. शिवाय या वस्तू अर्ध्या मीटरची सवलत देत नाहीत. युरोपीय नियमांत तीन बिंदूंच्या पट्ट्याचे आधारबिंदू तपासताना छातीच्या व कमरेच्या भागावर प्रत्येकी साधारण एवढाच जोर लावला जातो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. दिल्ली-गुरुग्राम मार्गावर आपण गाडी जपून हाकाल. मागून येणारा ट्रक मात्र आपल्या गाडीचे वय विचारणार नाही.

मग पट्टा विकत आणून बसवला की झाले, असे अनेकांना वाटते. खरी मेख येथेच आहे. पट्टा सोपा आहे; कठीण आहे ते तो कशाला बांधायचा हे. जुन्या गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला भोक पाडून साध्या वॉशरने बोल्ट आवळला, तर धडकेच्या क्षणी तो बोल्ट पत्रा फाडून वॉशरसकट बाहेर येईल. असा पट्टा खोटा विश्वास देतो, आणि म्हणून तो नसलेल्या पट्ट्याहूनही वाईट, असे माझे मत आहे. त्यासाठी पत्र्याच्या खालच्या बाजूने पोलादी आधारपट्टी हवी. मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ही पट्टी किमान 3 मिलिमीटर जाड व 40 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची असावी असे सांगितले आहे. घरच्या गाडीसाठीही तोच मापदंड धरणे शहाणपणाचे. पट्टीचे कोपरे गोल करावेत, नाहीतर जोर आल्यावर तेच कोपरे पत्र्याला कात्रीसारखे कापतात. बोल्ट पट्ट्यासाठीच बनवलेला उच्च ताकदीचा, 7/16 इंची, बारीक आट्यांचा घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानातील दिसायला तसाच असणारा साधा बोल्ट चालत नाही.

गाडीची बांधणीही पाहावी लागते. अँबॅसडर व पद्मिनी यांना स्वतंत्र चौकट नाही. त्यांची बॉडी हीच चौकट. त्यामुळे आधारबिंदू दाराखालच्या पेटीसारख्या कडेजवळ किंवा मधल्या बोगद्याच्या बाजूला, जेथे पत्रा दुमडून बळकट झालेला असतो तेथे शोधावा. हेराल्डला स्वतंत्र चासी आहे, पण वरचा बिंदू तिथेही बॉडीवरच घ्यावा लागतो. आणि कोणत्याही गाडीत आधी गालिचा उचलून गंज पाहावा. दिल्लीच्या पावसात झिरपलेले पाणी गालिच्याखाली महिनोन्‌महिने राहते; वरून रंग निर्दोष दिसतो आणि पेचकसाच्या टोकाने दाबल्यावर पत्रा बिस्किटासारखा तुटतो. अशा ठिकाणी आधी नवा पत्रा, मग पट्टा.

कोनांचे शास्त्र थोडे सांगितले पाहिजे. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, नितंबाच्या हाडावर बसावा लागतो. त्यासाठी तो आसनाच्या मागून खाली उतरताना आडव्या रेषेशी पुरेसा कोन करावा. अमेरिकी नियम ही मर्यादा 30 ते 75 अंश ठेवतात. कोन फार उथळ झाला, तर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा पोटात रुततो. वरचा बिंदू खांद्याच्या पातळीला किंवा त्याहून वर, दोन दारांमधल्या खांबावर असावा. तो खांद्याहून खाली, आसनाच्या पाठीमागे जमिनीवर घेतला, तर धडकेत पट्टा खांदा खाली ओढतो व पाठीच्या कण्यावर दाब येतो. दोन दारांमधला हा खांब आतून पोकळ असल्याने तेथेही आतल्या बाजूने पट्टी वेल्ड करावी लागते. हे काम आतला कपडा काढून, बॅटरी सोडून, इंधनाची व ब्रेकची नळी कोठून जाते हे पाहूनच अनुभवी डेंटरकडून करवून घ्यावे.

आपोआप गुंडाळणारी रीळ सोयीची खरी, पण तिच्यातील लंगर ठराविक कोनातच काम करतो. रीळ तिरकी बसली तर ती एकतर सदैव अडकून राहते किंवा वेळेवर अडकत नाही. हाताने लांबी जुळवण्याचा साधा पट्टा जुन्या गाडीला अधिक शोभतो आणि त्यात बिघडण्यासारखेही कमी असते. मायापुरीच्या भंगार बाजारात पट्टे स्वस्त मिळतात, पण तेथील गाडी अपघातात मोडलेली आहे की काय हे पट्टा सांगत नाही, आणि एकदा ताण सोसलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. नवा घ्यावा, मानकाची खूण पाहून घ्यावा. भारतीय मानकांत पट्ट्यासाठी एआयएस-005 आणि आधारबिंदूंसाठी एआयएस-015 हे क्रमांक आहेत.

आता कागदपत्रांविषयी. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळू लागली. राजधानीत 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरले होते, त्यामुळे येथील मालकांना या नोंदणीचे महत्त्व विशेष वाटले. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये व मुदत 10 वर्षे ठरली. गाडी रोजच्या वापरासाठी नव्हे, तर रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कारणांसाठीच बाहेर काढता येते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत, अशी अट आहे. चार भोके व चार पट्ट्या हा मोठा फेरफार नव्हे असे आपल्याला वाटेल. तरी कामाआधी परिवहन कार्यालयाला व विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर हाती घ्यावे. कामाची छायाचित्रे व बिले नोंदणीपुस्तिकेसोबत ठेवावीत.

मागच्या बाकाचेही विसरू नये. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागील आसनावर पट्ट्याविना बसले होते, आणि ती गाडी अत्याधुनिक होती. मागे खांद्याचा बिंदू मिळत नसेल तर निदान कमरेचा पट्टा द्यावा. राहता राहिली पद्मिनी-अँबॅसडरच्या पुढच्या सलग बाकाची मधली जागा. गिअरचा दांडा सुकाणूपाशी असल्याने ती मोकळी असते, आणि एके काळी घरातले धाकटे मूल हट्टाने तेथेच बसत असे. समोर उघडा पत्रा असताना तेथे केवळ कमरेचा पट्टा डोक्याला वाचवत नाही. ती जागा आता पाण्याची बाटली आणि डब्याची पिशवी यांना द्यावी.